लाइटवेट व्हायचंय? आधी या चुका टाळा

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये लाइटवेट या वजनगटाची मर्यादा १३५ पौंड, म्हणजे ६१.२ किलो. जळगाव, धुळे, भुसावळकडच्या पोरांना हा आकडा कळला की पहिला प्रश्न ठरलेला: आठ दिवसांत पाच किलो कसं उतरवू? करिअरची वाट लागायला इथूनच सुरुवात होते.

रेनकोट घालून पळालं की काटा खाली येतो, पण गेलेलं असतं ते पाणी. चरबी जागच्या जागी. प्लास्टिकच्या आत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत हा प्रकार जीवावर बेततो. पोरगा असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर सराव तिथेच थांबवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा.

वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी दमसास घसरतो. ६५ किलोच्या पोरासाठी ते जेमतेम १.३ किलो होतं.

जगज्जेतेही यातून सुटलेले नाहीत. ७ मे २००५ रोजी लास व्हेगासमध्ये दिएगो कोरालेस आणि होसे लुईस कास्तियो यांची लाइटवेट लढत झाली. दहाव्या राउंडमध्ये दोनदा खाली पडलेल्या कोरालेसने त्याच राउंडमध्ये कास्तियोला हरवलं. ऑक्टोबरमध्ये परतीची लढत ठरली. कास्तियो काट्यावर भरला १३८.५ पौंड. तो चौथ्या राउंडमध्ये जिंकला, पण वजन चुकल्यामुळे लढत किताबाची राहिलीच नव्हती. जून २००६ मध्ये तिसरी लढत ठरली, तेव्हा १३९.५ पौंड. कोरालेसने नकार दिला, लढत रद्द, वर कास्तियोला दंड. इतका कसलेला बॉक्सर, पण त्याचं शरीर आता १३५चं राहिलं नव्हतं आणि ते मान्य करायला उशीर झाला.

म्हणून हिशेब साधा ठेवा. आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण. ६६ किलोच्या पोराने आठ आठवडे आधी सुरुवात करावी आणि शेवटच्या आठवड्यात ६३च्या आत शिरावं. उरलेलं मीठ आणि चोथा कमी करून जातं. शेवटचे तीन-चार दिवस शेवभाजी, पापड, लोणचं, ठेचा बंद, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. कळण्याची भाकरी एरवी उत्तम. पण या दिवसांत तिचा चोथा पोटात वजन होऊन बसतो, त्यापेक्षा थोडा भात आणि अंडी बरी. ६३ गाठायलाच जीव जात असेल तर तुम्ही १४० पौंडांचे, म्हणजे ६३.५ किलोचे बॉक्सर आहात. त्यात कमीपणा काहीच नाही.

वजन झाल्यावर सलाईन लावून घ्यायची सवय आपल्याकडे फार. उत्तेजकविरोधी नियमांत १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं निषिद्ध आहे. रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांपुरता अपवाद. लघवीच्या गोळ्यांवरही बंदी आहे. ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात, घोट घोट प्या. घटलेल्या दर किलोमागे साधारण दीड लिटर द्रव. पोट स्थिरावलं की मऊ भात, मग रावेर-यावलची केळी.

दुसरी चीड आणणारी चूक हाताच्या पट्टीची. स्वस्त म्हणून अडीच मीटरची पट्टी आणतात, मनगटालाच संपते. साडेचार मीटरची घ्या. बोटं पसरून बांधा. मूठ मिटून पट्टी नीट बसत नाही. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, नकलवर (मुठीवरच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवर) तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक, शेवट पुन्हा मनगटावर. मुंग्या आल्या तर सोडून परत बांधा. दोन मिनिटांचं काम आहे, तरी नवशिक्यांना घाई असते बॅग झोडपायची.

ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकलवर बसला पाहिजे. करंगळीच्या बाजूने बसला की तिच्या मागचं तळहातातलं हाड नकलजवळ मोडतं आणि चार ते सहा आठवडे घरी बसावं लागतं. अंगठा ताणल्यावर मुळाशी जो खळगा दिसतो, तो दाबून दुखत असेल तर "मुरगळलंय" म्हणत लेप लावू नका. तिथल्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. १० ते १४ दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, दुर्लक्ष केलं तर ते जुळतच नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. लढतीत लाइटवेटला ८ औंसांचे ग्लोव्ह्ज असतात म्हणून स्पारिंगही, म्हणजे जोडीदारासोबतची सरावाची झुंजही, त्यावरच करू नका. १४ किंवा १६ औंस वापरा. ओले ग्लोव्ह्ज पिशवीत कोंबू नका, आत वर्तमानपत्र भरून सावलीत वाळवा. ठोसा लागून डोकं दुखतंय हे लपवणाऱ्याला रिंगमध्ये घेऊ नका. नॉकआउटनंतर किमान ३० दिवस स्पारिंग नाही आणि त्यापुढेही डॉक्टरांना विचारूनच. हायवेच्या कडेला पळण्यापेक्षा जळगावकरांनी पहाटे मेहरूण तलाव गाठावा.

आणि ऐनवेळी आलेली लढत. पहिल्या लढती चार राउंडच्या असतात, म्हणजे बारा मिनिटं. पोरांना ते किरकोळ वाटतं. दुसऱ्या कुणी माघार घेतली म्हणून दहा दिवसांवरची लढत आली, वजन ६६ आहे आणि तयारी शून्य, तर पैसे कितीही असोत, नाही म्हणा.