दवाखान्याच्या आवारातली झाडांची वाट: आधी पाणी, मग रस्ता, रोपं शेवटी

नकाशा काढायच्या आधी जुलैतल्या एका झडीच्या दिवशी छत्री घेऊन आवारात फिरा. पाणी कुठे तुंबतं, गच्चीच्या पायपांतून आलेलं पाणी कुठे पडतं, तिथे खुंट्या ठोका. खानापूर-बेळगावकडे पाऊस दिवस दिवस उघडत नाही आणि कोरड्या दिवसांत बेतलेली वाट पहिल्याच पावसाळ्यात ओढा होते. खुंट्या असतील तिथून वाट न्यायची नाही. दुसरा मार्गच नसेल तर आधी गटार, मग वाट.

वाट गोल असावी, म्हणजे निघालेला माणूस वॉर्डच्या दारापाशीच परत येतो. साधारण 150 मीटर लांबी पुरते, पण पन्नास मीटरवर आत परतायला आडवाट हवी. नुकतं ऑपरेशन झालेला रुग्ण तिथेच दमतो. रुंदी 1.5 मीटर ठेवा. दर 15-20 मीटरवर बाक आणि बाकाजवळ रुंदी 1.8 मीटर, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर निघतात. चढ 20 मीटरला 1 मीटरपेक्षा जास्त नको. नाइलाजाने जास्त द्यावा लागला तर दोन्ही बाजूंना कठडा लावा, पण 12 मीटरला 1 मीटर ही शेवटची मर्यादा.

खरा खर्च वाटेच्या पायाभरणीत आहे. तांबड्या मातीत 25 सेंटीमीटर खोदा, 15 सेंटीमीटर मुरूम पाणी मारून दोन थरांत धुमसा आणि वर 10 सेंटीमीटर काँक्रीट ओता. 150 मीटरला साडेबावीस घनमीटर काँक्रीट लागतं. ओलं असतानाच त्यावर आडवा खराटा फिरवा, म्हणजे पाय घसरत नाही. दर 3 मीटरवर सांधा सोडा. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत एवढ्यावर भागत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वाट तडकते. तिथे आणखी 30 सेंटीमीटर काळी माती काढून मुरूम भरा. वाटेच्या रुंदीत एका बाजूला 3 सेंटीमीटर उतार दिला की पाणी वाटेवर थांबत नाही.

जांभ्याची फरशी दिसायला सुरेख, पण श्रावणापर्यंत तिच्यावर शेवाळ धरतं. बाकाखाली, भिंतीला वापरा, चालायच्या जागी नको. सुटी खडी किंवा रुंद फटींचे ब्लॉकही नकोत. सलाईनच्या स्टँडची चाकं जेमतेम दोन इंचांची असतात, ती फटीत अडकली की स्टँड कलंडतो. गटाराच्या जाळीच्या फटीही 12 मिलिमीटरच्या आत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या ठेवा.

बाक 45 सेंटीमीटर उंच, पाठ आणि हात असलेला घ्या. हात नसला तर गुडघ्याच्या रुग्णाला उठता येत नाही. बाजूला व्हीलचेअरपुरती 90 सेंटीमीटर जागा मोकळी सोडा.

झाडं मृगाचा पाऊस बसला की लावा. बकुळ, सोनचाफा, आवळा चालतील. जांभूळ वाटेपासून लांब हवं, कारण जूनमध्ये खाली पिकल्या फळांचा चिखल होतो. वड-पिंपळाची मुळं काँक्रीट उचलतात. कण्हेर आणि धोतरा विषारी, लहान मुलं येतात तिथे नकोच. रातराणी लोकांना फार आवडते, पण केमो चालू असलेल्याला त्या उग्र वासाने मळमळतं. काँग्रेस गवत फुलण्याआधी उपटा, हातमोजे घालून. कुजका पालापाचोळा वाटेच्या कडेला साठवू नका. त्यातली बुरशी प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना घातक ठरते. गवत वाढलं आणि दगडांचे ढीग पडले की घोणस-नागाला लपायला जागा मिळते. कारंजं किंवा कुंड ठेवलंत तर पाणी वाहतं हवं, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळल्यासारखं होईल.

ज्यांना अंथरुणातून उठताच येत नाही त्यांचाही विचार करा. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हानियातल्या एका दवाखान्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी रॉजर अलरिक यांनी ताडून पाहिल्या (1984). खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. म्हणून सगळी झाडं बागेच्या मधोमध न लावता चार-सहा झाडं वॉर्डच्या खिडक्यांसमोर लावा आणि खाटेवर आडवं होऊन काय दिसतं ते स्वतः पाहा.

कर्नाटकात दवाखान्याच्या दर्शनी नामफलकावर 60 टक्के मजकूर कन्नड लागतो. आतल्या पाट्या कन्नड आणि मराठी दोन्हींत करा, अक्षरं मोठी ठेवा. पाटीवर झाडाच्या नावाइतकंच पुढचा बाक किती पावलांवर आहे हेही लिहा, कारण थकलेला माणूस आधी तेच शोधतो.

वाट उघडायच्या आधी एका धडधाकट कर्मचाऱ्याला व्हीलचेअरवर बसवून, दुसऱ्याच्या हाती सलाईनचा स्टँड देऊन पावसात पूर्ण फेरी मारायला लावा. जिथे अडकतील तिथे खडूने नाही, ऑइलपेंटने खूण करा.