शुगर-बीपीच्या फाईलीत हिरड्यांचं पान कसं जोडावं

गोळी वेळेवर, भात अर्ध्यावर आणलेला, नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळचं फिरणं सुरू, आणि तरी एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) आठाच्या खाली यायला तयार नाही. अशा वेळी घरचे गोडावर संशय घेतात, डॉक्टर गोळी वाढवतात. ब्रश करताना थुंकी लाल होते का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: थोडंफार येतं, सगळ्यांनाच येतं. सगळ्यांना येत नाही. निरोगी हिरडीतून साध्या ब्रशने रक्त निघत नाही.

दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जंतूंचा चिकट थर साचतो. तो निघाला नाही तर काही दिवसांत कडक होतो. हेच दातांवरचं कीटण, आणि ते ब्रशने निघत नाही. आधी फक्त हिरडी सुजते, तोपर्यंत सगळं पूर्ववत होऊ शकतं. पुढे सूज दाताखालच्या हाडापर्यंत उतरते आणि हाड झिजू लागतं. हा पायरिया. झिजलेलं हाड सहसा परत येत नाही, झीज मात्र थांबवता येते. दुखत फारसं नाही, म्हणून माणूस वर्षानुवर्षं दवाखान्यात जात नाही.

ही सूज तोंडापुरती राहत नाही. तिथले जंतू आणि सुजेतून तयार होणारी रसायनं रक्तात उतरतात, इन्सुलिनचं काम अडतं, शुगर चढते. उलट बाजूने, चढलेली शुगर शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी करते, जखम भरू देत नाही, आणि हिरड्या आणखी बिघडतात. डायबिटीस असलेल्यांना पायरिया होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. आणि पायरियावर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण 0.3 ते 0.4 ने उतरल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आकडा लहान आहे, पण तो नवी गोळी न वाढवता मिळतो.

हृदयाच्या बाबतीत मात्र जपून बोलायला हवं. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकाच माणसात बऱ्याचदा सापडतात, हे खरं. पण हिरड्या बऱ्या केल्या की हार्ट ॲटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये हेच स्पष्ट सांगितलं होतं. किडनीचा आजार आणि आमवात यांच्याशीही संबंध दिसतो, पण कुणामुळे काय होतं हे अजून तितकं उलगडलेलं नाही. ‘दात साफ करा, हार्ट ॲटॅक टाळा’ असा फलक दिसला तर त्यावर जाऊ नका.

पहिली पायरी: आरशासमोर उभं राहा

दिवसाच्या उजेडात ओठ वर-खाली करून पाहा. हिरडी गुलाबी आणि घट्ट आहे की लालसर, फुगीर, चकचकीत? पूर्वीपेक्षा दात लांब दिसतात का? समोरच्या दातांत नवी फट पडली आहे का? सावजी रस्सा खाताना पूर्वी नुसता घाम फुटायचा, आता हिरड्या झोंबतात का? सकाळी उशीवर डाग, तोंडाला वास, एखादा दात हलणं, हिरडी दाबल्यावर पू येणं, यातलं जे दिसेल ते कागदावर तारखेसह लिहा.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. धुरातल्या निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत हाड झिजत असलं तरी बाहेर रक्त दिसत नाही.

दुसरी पायरी: गोळ्यांची यादी करा

ही पायरी लोक हमखास गाळतात. बीपीसाठी घराघरांत चालणारी ॲम्लोडिपिन काही जणांच्या हिरड्या वाढवते. हिरडी दातावर चढते, दोन दातांमध्ये लहान गोळ्यासारखी फुगते, आणि तिच्याखाली घाण अडकते. फिटसाठीची फेनिटोइन हेच करते. बीपीच्या आणि मनाच्या आजारांवरच्या कित्येक गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 कडे गेलेला असताना, हा कोरडेपणा फारच जाणवतो, आणि लाळ कमी झाली की जंतूंचं फावतं. दिवसभर साधं पाणी घोट घोट प्या. त्याऐवजी गोड सरबत नको.

यादीत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही असेल, हाडं मजबूत करण्याचं इंजेक्शन घेतलेलं असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, तर ते ठळक लिहा. झडप बदललेल्यांना सफाईआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. तो डॉक्टर देतील. यातली एकही गोळी मनाने बंद करू नका, दातांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणूनसुद्धा नाही.

तिसरी पायरी: मोजून घ्या

दातांच्या डॉक्टरांकडे जाताना सोबत शेवटचा एचबीएवनसीचा रिपोर्ट न्या. हिरड्यांच्या आजाराचं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेलं वर्गीकरण जगभर वापरतात. त्यात डायबिटीस असून एचबीएवनसी 7 किंवा जास्त असेल तर आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरला जातो. म्हणजे तुमच्या शुगरचा आकडा दातांच्या डॉक्टरांना खरोखरच लागतो.

नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रस्त्याकडे खासगी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, त्याचं नाव पेरिओडॉन्टॉलॉजी. केस पेपर काढताना ‘दात दाखवायचे’ एवढंच न म्हणता ‘शुगर आहे, हिरड्या तपासायच्या आहेत’ असं सांगा. सकाळी लवकर गेलेलं बरं, पण उपाशी जाऊ नका. नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊनच निघा. रांगेत बसून शुगर उतरली तर दिवस वाया जातो आणि जिवाला घोर लागतो तो वेगळाच.

तपासणी कशी होते हे आधी माहीत असलं की भीती वाटत नाही. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई दात आणि हिरडीच्या मध्ये अलगद सरकवतात. एका दाताभोवती सहा ठिकाणी. एक जण आकडे बोलतो, दुसरा लिहून घेतो: दोन, तीन, तीन, पाच, सहा. तीनपर्यंत ठीक. चार आणि पुढे म्हणजे हिरडी दातापासून सुटून खिसा तयार झाला आहे. सोबत एक्स-रे काढतात, त्यात हाड किती खाली गेलं ते दिसतं. या आकड्यांच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या. फाईलीत लावायचं पान हेच.

सफाईला घाबरू नका

‘सफाई केली आणि दात हलायला लागले’ हे गल्लीगल्लीत ऐकू येतं, आणि त्यापायी लोक दात गमावतात, म्हणून जरा थांबून सांगतो. कीटणाचा जाड थर दातांना बाहेरून टेकू दिल्यासारखा धरून ठेवतो. आतलं हाड आधीच गेलेलं असतं. थर निघाला, सूज उतरली, की फटी आणि हलणं उघडं पडतं. झीज सफाईने झालेली नसते. काही दिवस थंड पाणी झिणझिणतं, मग कमी होतं.

खिसे खोल असतील तर हिरडीखालची सफाई लागते. ती जागा बधिर करून, दोन किंवा जास्त बैठकांत करतात. नुसती गोळ्या-माउथवॉशची चिठ्ठी घेऊन परत येऊ नका, खिशातलं कीटण औषधाने विरघळत नाही. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं तर सांगितलेले दिवसच वापरा, लांबवलं की दातांवर तपकिरी डाग चढतात.

घरचं रोजचं काम

मऊ ब्रश घ्या. केस दातावर सपाट न ठेवता हिरडीच्या कडेकडे तिरपे, साधारण 45 अंशांत टेकवा आणि जागच्या जागी हलके हलवा. दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. रात्रीचं टाळू नका. ब्रशचे केस पसरले की बदला, नाहीतर तीन महिन्यांनी बदलाच.

पण दोन दातांच्या मधली जागा ब्रशला गाठता येत नाही, आणि पायरिया तिथेच मुरतो. फटी असतील तर इंटरडेंटल ब्रश घ्या, औषधाच्या दुकानात मिळतो. कोणत्या जाडीचा, ते डॉक्टरांकडून त्याच दिवशी दाखवून घ्या. फटीत तो किंचित घट्ट बसला पाहिजे, कोंबावा लागता कामा नये. पहिले काही दिवस रक्त येईल. थांबू नका. बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी होतं, आणि नाही झालं तर परत दाखवा. टाचणी, काडेपेटीची काडी मात्र कायमची सोडा. मिठाने रगडणं आणि खरखरीत काळं मंजनही सोडा, त्याने हिरडी आणखी मागे सरते.

संत्र्याबद्दल आपल्याकडे हटकून सांगतात: हिरडीतून रक्त येतं ना, संत्री खा. क जीवनसत्त्वाची खरी कमतरता असेल तर उपयोग होईल, पण कीटण संत्र्याने निघत नाही. शुगरवाल्यांनी फळ आवडीने, मापात खावं. रस काढून पिऊ नये.

खर्र्याचं काय?

पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. तो गालात जिथे धरून ठेवतात तिथली हिरडी खाली उतरते, दाताचं मूळ उघडं पडतं. सुपारीने गालाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होतं. मग ब्रश आत जात नाही आणि डॉक्टरांची अवजारंही. गुडाखू (तंबाखूची पेस्ट) घासणाऱ्या आयाबायांनाही हेच सांगावंसं वाटतं: तो दात साफ करत नाही, तंबाखूच पोटात घालतो. सोडायचं मनात असेल तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक आहे, फोन मोफत लागतो. तोंडातला व्रण किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर सफाईची तारीख येण्याची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजा

एचबीएवनसी साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणून तो उपचारानंतर तीन महिन्यांनी करा. त्याच सुमारास हिरड्यांचे आकडे पुन्हा घ्या. दोन्ही जुन्या-नव्या तारखांसह एका पानावर मांडा, आणि ते पान शुगरच्या डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांना, दोघांनाही दाखवा. ते एकमेकांना फोन करतील ही अपेक्षा ठेवू नका, निरोप्याचं काम आपल्यालाच करावं लागतं. पायरिया झालेल्यांना पुढेही साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी लागते. वर्षातून एकदाची सफाई त्यांना पुरत नाही.

आकडा उतरला म्हणून गोळी आपल्या मनाने कमी करू नका. घाम, थरथर, चक्कर असं काही जाणवलं तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्या, जमेल तितक्या लवकर शुगर तपासा आणि डोसबद्दल डॉक्टरांना विचारा. गाल किंवा जबडा सुजला, सोबत ताप आला, गिळायला त्रास झाला, तर अपॉइंटमेंट न बघता त्याच दिवशी मेडिकल, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा जवळचं रुग्णालय गाठा.