घरातलं तरुण माणूस गेलं तर त्याची आठवण कशी जपायची

म्हातारं माणूस गेलं की आमच्या कोकणात त्याच्या गोष्टी आपोआप निघतात, बाराव्या-तेराव्यालाच पडवीत बसून चार जण हसतातसुद्धा. पण वीस-पंचवीसचं पोर गेलं की अख्खं घर गप्प. आईला त्रास नको म्हणून कोणी नाव काढत नाही, आई आपल्याला त्रास नको म्हणून काढत नाही, आणि बघता बघता हार घातलेला एक फोटो सोडला तर काही उरत नाही. आमचा चुलत भाऊ गेला, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो, तेव्हा हेच चाललेलं. शेवटी काकीच म्हणाली, "माझ्या झिलाचा नाव घेवा रे, माका बरा वाटता." म्हणून सगळ्यात आधी हे करा, साधं बोलता बोलता नाव घ्या, "हे दादाला आवडायचं" एवढं जरी म्हटलं तरी पुरे. समोरच्याला नको असेल तर तो विषय बदलतो, तेवढं कळतं आपल्याला.

आता घाईचं काम, ते म्हणजे फोन. बाकी सगळं पुढच्या वर्षी केलं तरी चालेल पण हे नाही. सिमचा रिचार्ज चालू ठेवा, नाहीतर काही महिन्यांत नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणालातरी मिळतो, शिवाय बँकेच्या कागदपत्रांना ओटीपी त्याच नंबरवर येतात. व्हॉट्सॲप साधारण १२० दिवस वापरलं नाही की अकाउंट काढून टाकतात. गुगलचं अकाउंट २ वर्षं उघडलं नाही तर तेही जाऊ शकतं, फोटोंसकट. त्यामुळे फोन उघडत असेल तर आधी फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज सगळं एका हार्ड डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर घ्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या घरात ठेवा, एक गावाला एक मुंबईला. फोन उघडतच नसेल तर तुमच्या स्वतःच्या चॅटमध्ये बघा, त्याचे व्हॉइस मेसेज तिथेही असतात आणि आपण ते स्टोरेज भरलं म्हणून उडवत असतो! फोटोपेक्षा आवाज जास्त मोलाचा असं माझं मत आहे, कारण चेहरा लक्षात राहतो, आवाज विसरायला होतो. पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवले तर क्वालिटी जाते. फेसबुकवर मृत्यूचा दाखला देऊन प्रोफाइल 'रिमेंबरिंग' करून घेता येतं, म्हणजे वाढदिवसाला "हॅपी बर्थडे, पार्टी कधी" असले नोटिफिकेशनवाले मेसेज कमी होतात.

कागदावरचे फोटो असतील तर आपला पावसाळा त्यांचा वैरी आहे. ओरिजिनल कधीच भिंतीवर लावू नका, कॉपी लावा, आणि फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळते, भिंतीची ओल थेट लागत नाही. ओरिजिनल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेवरूनच स्कॅन करा. आणि एक, हार घातलेला पासपोर्ट साइज फोटो सगळ्यांकडेच असतो, तुम्ही तो शोधा ज्यात तो गरी टाकून जेटीवर बसलाय किंवा डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, पखवाज घेऊन घामाघूम झालाय.

मग गोष्टी गोळा करणं. याला गणपतीसारखी वेळ नाही. चाकरमानी सगळे आलेले असतात, आणि म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, येतो पौर्णिमेनंतर, तोपर्यंत अर्धं घर परत मुंबईला गेलेलं असतं. "सणाला हे कशाला" असं कोणीतरी म्हणेल, म्हणू दे, पण रात्री आरती-भजन झालं की चहा ठेवा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून मध्ये ठेवून द्या, सांगून ठेवा मात्र. "त्याच्याबद्दल सांगा" असं विचारलं तर सगळे रडतात नाहीतर "फार चांगला होता" म्हणून थांबतात. बारीक प्रश्न विचारा, पहिल्यांदा बाइक कोणाची पाडली, कोणाकडून पैसे उसने घेतले आणि दिलेच नाहीत, मास्तरांचा मार कशाबद्दल खाल्ला. आमच्याकडे पैशाच्या प्रश्नावर तिघांचे हात वर झाले, मग काय हसणं! आमचा दादा तापट होता, उधळ्या होता, तेही राहू दे. त्याला देव केलात तर मागून जन्मलेल्या पोरांना तो कधी कळणारच नाही.

म्हाळाचं मी फार सांगत नाही, ते गुरुजींना आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, प्रत्येक घराची रीत वेगळी. साधारण मृत्यूच्या तिथीला होतो, अपघातात गेलेल्यांचा चतुर्दशीला, सवाष्ण गेली असेल तर अविधवा नवमीला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर हे असतंच, त्यात त्याच्या आवडीचा एक पदार्थ जरूर करा.

झाड लावायचं असेल तर मिरगाला लावा, पण आधी विचार करा की पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार. घर बंद असेल तर हापूस-नारळाच्या मागे न लागता काजूचं कलम बरं, वेंगुर्ला ४ किंवा ७, तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरायला लागतं. कलमाचा जोड मातीच्या वर राहू दे आणि जोडाखालून फुटवे आले तर काढत जा, नाहीतर कलम मरतं आणि खालचं नुसतं रायवळ, म्हणजे बियाचं झाड, वाढतं. गुरांसाठी कुंपण घाला. त्याच्या नावाचं झाड वाळलं तर घरच्यांना फार लागतं, म्हणून एकाऐवजी तीन-चार लावलेली बरी.

दरवर्षी काहीतरी करायचं असेल तर रक्तदान सोपं पडतं, १८ ते ६५ वय आणि वजन निदान ४५ किलो लागतं, भावंडांनी मिळून रक्तपेढीत जाऊन यायचं, बॅनर वगैरे काही नको. किंवा तो शिकला त्या शाळेत बक्षीस. यात लोक उत्साहाने रक्कम देतात आणि दोन वर्षांत मुख्याध्यापक बदलले की विषय संपतो, म्हणून पैसे ठेवीत टाका, बक्षीस व्याजातून द्यायचं असं पत्र लिहून द्या, शाळा समितीचा ठराव घ्या आणि त्याची कॉपी घरात ठेवा. बक्षीस पहिल्या नंबरालाच पाहिजे असं नाही. आमच्या दादाचा नंबर कधी आलाच नव्हता, म्हणून आम्ही ते भजनात पखवाज वाजवणाऱ्या पोराला ठेवलंय.