प्रिंटिंगमध्ये प्रॉडक्शन कोऑर्डिनेटरचं काम शिकताय? मग या चुका टाळा

ट्रेनिंगला नवीन बॅच आली की मी पहिल्या दिवशी कॉम्प्युटर लावूच देत नाही. प्रत्येकाच्या हातात एक जुनं पुस्तक देते आणि सांगते, उसवा. फर्मे, म्हणजे एक मोठी शीट घडी घालून बनलेले पानांचे गठ्ठे, सुटे करा, किती पानांचा एक फर्मा आहे ते मोजा, घडी कुठून पडलीय बघा. मुलं जरा हिरमुसतात, कारण त्यांना सॉफ्टवेअर शिकायचं असतं, पण मला वाटतं या कामातली सगळ्यात मोठी चूक इथेच सुरू होते. आपण जॉबकडे, म्हणजे छपाईच्या एका कामाकडे, फाइलच्या बाजूने बघतो आणि जॉब अडकतो बाइंडिंगच्या टेबलावर.

म्हणून एक सवय लावून घ्या, डिलिव्हरीपासून उलटं मोजत मागे यायचं. खालच्या बहुतेक चुका त्या एका सवयीने टळतात.

कागद मागवताना फक्त जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आणि साइज लिहिणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितलीय. पुस्तक तयार होऊन येतं आणि नीट उघडतच नाही, पानं ताठ उभी राहतात, मणक्याजवळ लाटा येतात, कव्हरवर घडीच्या जागी शाई तडकते. सगळे मशीनवाल्याकडे बघतात पण त्याचा काहीच दोष नसतो, कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, आडवा पडलेला असतो. पुस्तकात ग्रेन मणक्याला समांतर हवा. ओळखायचा कसा, तर कागदाची एक पट्टी उभी फाडा, एक आडवी फाडा, जी सरळ फाटली ती ग्रेनची दिशा. किंवा कागदाची एक बाजू ओली करा, कागद ज्या रेषेभोवती वळतो ती ग्रेनची रेषा. ऑर्डर देताना ग्रेन कुठल्या बाजूला हवा ते शब्दांत लिहा, समोरच्याला कळेल असं धरून चालू नका. आणि साधारण १७० जीएसएमच्या वरच्या कागदाला घडीच्या आधी क्रीझिंग (घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणं) लागतं, ते जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या सगळ्या सूचना लिहिलेल्या कार्डावर, सुरुवातीलाच आलं पाहिजे कारण त्याचा वेळही धरावा लागतो.

मणक्याची जाडी अंदाजाने सांगणं

डिझायनर विचारतो स्पाइन किती ठेवू, आणि शिकाऊ कोऑर्डिनेटर मागच्या जॉबचा आकडा देऊन मोकळा होतो. हिशोब अवघड नाहीये. २४० पानं म्हणजे १२० कागद, एका कागदाची जाडी ०.१ मिमी असेल तर स्पाइन १२ मिमी. पण जीएसएम सारखा असला तरी जाडी सारखी नसते, आर्ट पेपर दाबलेला असतो आणि बल्की कागद फुगीर असतो, त्यामुळे त्याच २४० पानांचा मणका कितीतरी वेगळा येतो. मिलचा जाडीचा आकडा घ्या, नाहीतर खऱ्या कागदाची कोरी डमी बनवून घ्या. डमीसाठी मी हट्ट धरते, कारण कव्हर छापून झाल्यावर स्पाइनवरचं नाव पुढच्या बाजूला सरकलेलं दिसलं की दुरुस्ती नसते, कव्हर परत छापावं लागतं.

सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या पुस्तकात अजून एक गोष्ट सुटते. पानं ४ च्या पटीतच हवीत, हे बहुतेकांना माहीत असतं, पण आतली पानं बाहेर ढकलली जातात आणि कटिंगमध्ये जास्त कापली जातात हे विसरलं जातं. कडेजवळचा पान नंबर अर्धा उडाला असेल तर कारण हेच. इम्पोझिशनमध्ये, म्हणजे शीटवर पानं मांडताना, या सरकण्याची भरपाई (क्रीप) दिलीय का ते विचारा.

वेस्टेज फक्त मशीनचं धरणं

५,००० प्रती हव्यात म्हणून ५,००० शीट आणि वर मेकरेडीच्या (मशीन सेट करताना वाया जाणाऱ्या) २००, असा हिशोब मुलं करतात, आणि शेवटी प्रती कमी भरतात. समजा बाइंडिंगला २ टक्के जातात आणि फोल्डिंगला २ टक्के, तर उलटं मोजा: ५,००० बाहेर यायला बाइंडिंगला जवळपास ५,१०० जायला हव्यात, त्यासाठी फोल्डिंगला ५,२०० च्या वर, आणि त्यात मेकरेडी मिळवली की प्रत्येक फर्म्याला ५,४०० च्या आसपास शीट. टक्के जॉबप्रमाणे बदलतात, ते तुमच्याच बाइंडरला विचारा. पण मोजायची दिशा हीच.

वेळेचंही तसंच. छपाई संध्याकाळी संपली म्हणून लॅमिनेशन रात्री लावू नका. साध्या ऑफसेटची शाई, त्यातही मॅट कागदावर भरगच्च सॉलिड असेल तर, वरून सुकल्यासारखी दिसते आणि आत ओलीच असते. मग लॅमिनेशन सुटतं, नाहीतर थप्पीत एका शीटची शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते. किती तास थांबायचं ते मशीनमनला विचारा आणि तो वेळ शेड्यूलमध्ये घालाच. यूव्ही शाई लगेच सुकते, तिथे हा प्रश्न नाही.

फाइलच्या चुका मी थोडक्यात सांगते कारण प्रीफ्लाइटमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या फाइल तपासणीत, त्या बऱ्याच पकडल्या जातात: आरजीबी (स्क्रीनच्या रंगांतला) फोटो, ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र) नाही, ताणून मोठा केलेला फोटो ज्याचा डीपीआय छापायच्या साइजला ३०० च्या खूप खाली जातो, चार रंगांत बनलेली बारीक काळी अक्षरं. पांढऱ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावरच छापायची सेटिंग) लागलं असेल तर ती छपाईत गायबच होतात, ते वेगळं तपासा. पण प्रीफ्लाइटला जुनी फाइल आणि नवी फाइल यातला फरक कळत नाही. तो जॉब कार्डावरच्या व्हर्जन नंबरने तुम्हालाच कळायला हवा. बदल झाला की नवं कार्ड काढा आणि जुनं कार्ड मशीनवरून, कटिंगवरून, सगळीकडून स्वतः जाऊन उचला. माझ्या हातून एकदा एक कार्ड कटिंगला राहून गेलं आणि जुन्या साइजला अख्खा जॉब कापला गेला, तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

आणि फोनवर मिळालेलं ‘ओके’ म्हणजे अप्रूव्हल नाही. लेखी घ्या. रंगाचं प्रूफ ५,००० केल्विनच्या लाइटखाली बघा, मोबाइलवरच्या पीडीएफवर रंग ठरवू नका.

एवढं करूनही छपाई चालू असताना चूक सापडलीच तर पहिलं काम मशीन थांबवणं. घाबरून ‘एवढा गठ्ठा होऊ दे मग बघू’ असं अजिबात करू नका. चूक कितव्या शीटपासून आहे ते शोधा, थप्पीत तिथे कागदाची चिठ्ठी घाला, चांगल्या शीट वेगळ्या मोजा, आणि आकडा हातात आला की त्याच तासात क्लायंटला फोन करा.