रॅटला पोहायला लावायच्या आधी हे वाचा

प्रोजेक्टला स्ट्रेस आणि पेन घेतलंय ना, मग आधी ठरवा की स्ट्रेस एकदाच देणारात की रोज. कारण दोन्हींचे रिझल्ट उलटे येतात. एकदाच गार पाण्यात पोहवलं की त्या वेळेपुरतं दुखणं कमी जाणवतं, काही वेळा शरीर स्वतःचेच ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखी दुखणं दाबणारी द्रव्यं, सोडतं म्हणून (सगळ्या प्रकारच्या स्ट्रेसमध्ये नाही पण, काही ठिकाणी ओपिऑइड अडवणारं नॅलोक्सोन देऊनसुद्धा फरक पडत नाही). आणि तेच तीन दिवस रोज दहा-वीस मिनिटं पोहवलं तर दुखणं उलट वाढतं आणि ते नंतर काही दिवस टिकतं. सिनॉप्सिसमध्ये नुसतं 'स्ट्रेसचा परिणाम' लिहिलं की गाईड पहिला प्रश्न हाच विचारणार.

आयएईसीचं (कॉलेजच्या प्राणी-प्रयोग एथिक्स कमिटीचं) अप्रूव्हल हातात आल्याशिवाय काही करायचं नाही, त्यांच्या अर्जात, म्हणजे फॉर्म बी मध्ये, पोहण्याचा वेळ आणि पाण्याचं तापमान दोन्ही स्पष्ट लिहा.

आता क्रम. आधी एलिव्हेटेड प्लस मेझ (उंचावरची अधिकच्या चिन्हासारखी पट्टी, दोन हात उघडे म्हणजे ओपन आर्म, दोन भिंतींचे; घाबरलेला रॅट उघड्यावर जात नाही, त्यावरून अँक्झायटी मोजतात), पाच मिनिटं, मग हॉट प्लेट (तापलेल्या प्लेटवर ठेवून दुखणं मोजायची टेस्ट). उलटं केलंत तर हॉट प्लेटचाच स्ट्रेस अँक्झायटीत मोजला जाईल. मेझ एका रॅटवर एकदाच, दुसऱ्यांदा तो ओपन आर्मकडे जायचंच टाळतो आणि अँक्झायटी कमी करणारं डायझेपामसुद्धा नीट काम दाखवत नाही. एक रॅट झाला की मेझ अल्कोहोलने पुसा आणि नीट वाळू द्या, लेंड्या मोजून लिहून ठेवा, घाबरलेला रॅट जास्त टाकतो. ओपन आर्मच्या एंट्रीज कमी आल्या म्हणून लगेच 'अँक्झायटी वाढली' लिहू नका, एकूण एंट्रीज पण कमी असतील तर तो बिचारा नुसता दमलाय.

हॉट प्लेट ५२ ते ५५ डिग्री, मागचा पाय चाटला किंवा उडी मारली की घड्याळ बंद, आणि कट-ऑफ (जास्तीत जास्त किती वेळ ठेवायचं ती मर्यादा) पाळायचाच, नाहीतर पाय भाजतो. टेल फ्लिक (शेपटीला उष्णता देऊन ती किती वेळात झटकतो ते बघणं) करणार असाल तर शेपूट कोरडी करून रूम टेम्परेचरला येऊ द्या, हे सगळे विसरतात. गार शेपूट तापायला वेळ लागतो म्हणून लेटन्सी, म्हणजे प्रतिक्रियेला लागणारा वेळ, वाढते, आणि आपण खुश होतो की ॲनाल्जेसिया (दुखणं कमी होणं) मिळाला!

कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठीचे न पोहवलेले रॅट) पिंजऱ्यात बसवून ठेवू नका, त्यालाही त्याच टबमध्ये दोन-चार सेंटिमीटर पाण्यात तेवढाच वेळ ठेवा, म्हणजे उचलणं, टब, ओलं होणं सारखं झालं आणि फरक उरला तो पोहण्याचा.

हाताळायची सवय आठवडाभर आधीपासून लावा, आणि रोज त्याच माणसाने. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या टीमने दाखवलं की पुरुषाच्या वासानेच उंदरांना स्ट्रेस येतो आणि दुखण्याची प्रतिक्रिया कमी होते, नुसता घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी. म्हणजे अर्धे रॅट तुम्ही आणि अर्धे मैत्रिणीने केले तर डेटा गेला. कोणी केलं ते रजिस्टरमध्ये लिहाच.

आणि मुंबईत असाल तर कॅलेंडर बघा. गणपतीत ढोल-ताशा, दिवाळीत फटाके, शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट म्हणजे ड्रिलिंग, हे सगळं ॲनिमल हाऊसपर्यंत पोचतं आणि तुमच्या कंट्रोल ग्रुपलाही स्ट्रेस देतं. आमच्याकडे सीनियर विसर्जनाच्या आठवड्यात रीडिंग घेतच नाहीत. पावसाळ्यात लाइट गेली की एसी बंद, बारा तासांचं लाइट सायकल पण बिघडतं, त्या दिवशी बॅच पुढे ढकला, गाईड ओरडले तरी चालेल.