जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलताय? आधी त्या दोन वायरी समजून घ्या

गेल्या महिन्यात नाशिकच्या सिडकोतल्या एका शेजाऱ्यांनी त्यांचा २०१३ चा लॅपटॉप माझ्याकडे आणला. घरात १०० एमबीपीएसचं फायबर, मुलाच्या मोबाइलवर पूर्ण वेग, आणि लॅपटॉप मात्र तिशीच्या वर सरकत नाही. दुकानात त्यांना सांगितलं होतं, "जुना झालाय, नवीन घेऊन टाका." हा सल्ला ऐकला की मला राग येतो. मशीन धडधाकट आहे, एसएसडी टाकलेली आहे, अडलंय ते फक्त बोटाच्या दोन पेरांएवढं एक वायफाय कार्ड. ते कार्ड वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतं, कागदावर त्याचा कमाल वेग १५० एमबीपीएस, आणि हातात त्याच्या निम्मासुद्धा येत नाही. त्यात एका इमारतीतले सगळे राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करून बसलेले. म्हणून दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारं कार्ड बसवायचं. फक्त राउटरवर ५ गिगाहर्ट्झ आहे ना, ते आधी पाहून घ्या.

खरेदीला जाण्यापूर्वी मागचं झाकण उघडून जुनं कार्ड डोळ्यांनी बघा. दोन स्क्रूंनी बसवलेलं, जवळजवळ चौकोनी कार्ड असेल तर ते मिनी पीसीआयई नावाच्या जुन्या प्रकारचं. एकाच स्क्रूचं, २२ बाय ३० मिलिमीटरचं असेल तर ते एम.२ या नव्या प्रकारचं. मिनी पीसीआयईसाठी इंटेलचं ७२६० घ्या, पण त्याचा मिनी पीसीआयई प्रकारच मागा, कारण तेच कार्ड एम.२ मध्येही येतं. एम.२ असेल तर इंटेलचंच ८२६५ किंवा एएक्स२००. विंडोज ७ वर असाल तर एएक्स२०० च्या वाटेला जाऊ नका, त्याचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, विंडोज १० पासून पुढेच आहेत. आणि ९५६०, एएक्स२०१, एएक्स२११ ही कार्डं जुन्या लॅपटॉपसाठी कुणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. ती स्लॉटमध्ये नीट बसतात, पण चालत नाहीत, कारण त्यांचं अर्धं काम लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये होतं. एम. जी. रोडला विचाराल तर "बसतंय ना, मग चालेल" असं हमखास ऐकायला मिळेल. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

आणखी एक अडथळा बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी लॅपटॉप सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा. लेनोव्होचे जुने थिंकपॅड आणि एचपीची कित्येक मॉडेलं बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी ठेवतात. यादीबाहेरचं कार्ड लावलं की थिंकपॅड १८०२ नंबरची एरर दाखवून तिथेच थांबतो. तुमच्या मॉडेलचं नाव आणि कार्डाचं नाव एकत्र टाकून शोधा, दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा कोरडी असते आणि अंगावर लोकरीचा स्वेटर असतो, तेव्हा कार्डाला हात लावण्यापूर्वी नळाला किंवा कुठल्याही उघड्या धातूला हात लावून घ्या.

आता वायरी. बाकी काम पाच मिनिटांचं आहे, खरी कसोटी इथे लागते. कार्डावर दोन बारीक वायरी बसवलेल्या असतात, बहुतेक एक काळी आणि एक पांढरी. प्रत्येकीच्या टोकाला छोटी पितळी टोपी असते. या वायरी बिजागरीतून वर जाऊन स्क्रीनच्या कडेतल्या अँटेनापर्यंत पोहोचतात. म्हणजे टोपी मोडली तर कार्ड बदलून भागत नाही, सगळी स्क्रीन उघडावी लागते. मला हे माहीत आहे, कारण पहिल्यांदा हे काम करताना मी ती टोपी चपट्या स्क्रूड्रायव्हरने दाबली होती. स्क्रूड्रायव्हर घसरला, टोपीची कड चेपली, मग ती सरळ करायला पक्कड घेतली आणि वायरच हातात आली. नवीन अँटेना ओढायला दोन दिवस गेले. तेव्हापासून या जागी मी धातूचं हत्यार आणत नाही.

काढताना मोबाइलवर फोटो काढा, कुठली वायर कुठे होती ते दिसेल असा. मग टोपीच्या कडेखाली अंगठ्याचं नख घाला आणि सरळ वर उचला. वायर धरून ओढायची नाही आणि तिरकं उचकटायचंही नाही. नखं कापलेली असतील तर गिटारचा प्लास्टिकचा पिक चालतो.

बसवताना घाई केली की काम बिघडतं. एम.२ कार्डावरचा कनेक्टर जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो, मध्ये केसाएवढी पिन. मी सकाळच्या उजेडात खिडकीशी बसतो आणि आजीचं पोथी वाचायचं भिंग घेतो. आधी टोपी नुसती ठेवा, दाबू नका. बोटाच्या टोकाने हलकेच डावीकडे-उजवीकडे सरकवा. बरोबर मध्यावर आली की ती खाली किंचित बसते आणि सरकायची थांबते. तेव्हाच नखाने मधोमध सरळ दाबा. 'टक्' असा आवाज येतो, आणि आवाजापेक्षा तो नखाला जास्त कळतो. कळला नाही तर जोर वाढवू नका, उचला आणि पुन्हा ठेवा. पण हेही लक्षात ठेवा की हे कनेक्टर साधारण ३० वेळा काढ-घाल करण्यापुरतेच बनवलेले असतात, म्हणून गंमत म्हणून काढून पाहू नका.

आणि दोन्ही वायरी जोडा. "एकच लावली तरी चालतं" असं सांगणारे बरेच भेटतात. चालतं, पण एक अँटेना गेली की वेग निम्म्यावर येतो आणि ब्लूटूथही लंगडं होऊ शकतं.

अ‍ॅडॉप्टर लावून मिनी पीसीआयईच्या जागी एम.२ कार्ड बसवायचा मोह होतो. मी तो टाळायला सांगतो. जुन्या वायरींच्या टोप्या मोठ्या असतात, त्या एम.२ कार्डाच्या कनेक्टरवर बसतच नाहीत. लोक दाबून बसवायला जातात आणि नवीन कार्डाची पिन वाकवतात.

स्क्रू लावा, वायरी झाकणाखाली चेपणार नाहीत अशा वळवा, बॅटरी जोडा, ड्रायव्हर टाका.

पहिली चाचणी राउटरच्याच खोलीत घ्या. ५ गिगाहर्ट्झ भिंतींतून कमी जातं, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून तर फारच कमी, त्यामुळे लांबच्या खोलीत बसून कार्डाबद्दल मत बनवू नका. शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर त्याच खोलीत ९४ आला. तुमच्याकडे राउटरशेजारी बसूनही सिग्नलची एकच काडी दिसत असेल, तर कार्ड परत करायला निघू नका. झाकण उघडा, भिंग घ्या आणि टोप्या बघा. त्यांतली एखादी बहुतेक नुसती टेकलेली असेल, बसलेली नसेल.