डाएट चालू, व्यायाम चालू, तरी काटा हलत नाही? या चुका टाळा

"मॅडम, मी काहीच खात नाही हो, तरी वजन उतरत नाही."

सतरा वर्षं पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, आणि हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा गेलेला नाही. म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात, हे आधी सांगते. घरातून, नातेवाइकांकडून त्यांना "चोरून खात असशील" हे ऐकावं लागतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ही माणसं पहाटे तळजाईच्या टेकडीवर चालायला जातात, डब्यात काकडी-गाजर नेतात, लग्नात पंगतीला बसून जिलबी नाकारतात. कष्ट खरे असतात. चुकतं ते हिशेबात. ताटात वाढलेलं मोजलं जातं, पातेल्यात पडलेलं मोजलं जात नाही.

तेल कोणाच्याच वहीत नसतं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून हिच्यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

कोथरूडच्या एक काकू माझ्याकडे यायच्या. निवृत्त शिक्षिका, वजन 81 किलो. चार महिने त्यांनी सांगितलेलं सगळं केलं. दोन वेळा दोन-दोन पोळ्या, वाटीभर भाजी, आमटी, ताक, रोज पाऊण तास चालणं. चार महिन्यांत उतरले 600 ग्रॅम. थायरॉइडचा रिपोर्ट व्यवस्थित, साखर व्यवस्थित. खाण्याची वही त्या शिक्षिकेच्या अक्षरात लिहून आणायच्या आणि तिच्यात बोट ठेवायला जागा नसायची. त्या रडकुंडीला आल्या होत्या आणि मलाही रात्री त्यांचाच विचार यायचा.

मग एकदा म्हटलं, "काकू, पुढच्या वेळी वही नको, वाण्याची महिन्याची यादी घेऊन या."

यादीत होतं: शेंगतेल 5 लिटर, शेंगदाणे 2 किलो. तूप घरी कढवलेलं, म्हणून यादीतच नाही. घरात माणसं चार.

तिथेच कागद घेऊन बसलो. पाच लिटर तेल म्हणजे साधारण 4600 ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस. माणशी रोज 38 ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे रोज 340 च्या वर नुसत्या तेलाच्या. शेंगदाणे माणशी रोज 16-17 ग्रॅम, त्यांच्या आणखी 95. एक घासही मोजायच्या आधी सव्वाचारशे पार. वहीत लिहिलं होतं "वाटीभर भाजी". ती वाटीभर भाजी बुधलीने ओतलेल्या तेलात झाली होती, वर दाण्याचं कूट होतं, कोशिंबिरीवर वेगळी फोडणी होती आणि घडीच्या पोळीच्या प्रत्येक पदरात तेलाचं बोट फिरलं होतं.

काकू बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण तेलाशिवाय भाजीला चव येते का?"

येत नाही, आणि मी तेल बंद करायला कधीच सांगत नाही. माझी सवय एवढीच आहे आणि तीच मी सगळ्यांना लावते. एक तारखेला महिन्याचं तेल वेगळ्या डब्यात काढायचं, माणशी साधारण 600 मिली. तोच डबा तीस तारखेपर्यंत पुरवायचा. गॅसजवळची बुधली उचलून कपाटात ठेवायची आणि तेल चमच्यानेच घ्यायचं. पोह्यांचा मोठा चमचा भरला की 120 कॅलरी, हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप आखडतो. फोडणी एकाच पदार्थाला. आमटीला असेल तर कोशिंबिरीला नाही. कूट दोन्ही वेळा नाही, एकदाच.

काकूंचा डबा पहिल्या महिन्यात बावीस तारखेला संपला. दुसऱ्या महिन्यात सत्तावीसला. तिसऱ्या महिन्यापासून पुरायला लागला. सात महिन्यांत त्या 77 वर आल्या. चालणं तेवढंच होतं आणि पोळ्याही तेवढ्याच.

मोबाइलवर कॅलरी मोजणारी ॲप वापरणाऱ्यांनाही हेच सांगते. त्यात "मिक्स व्हेज, एक वाटी" म्हणून जो आकडा येतो, त्याला तुमच्या घरची कढई माहीत नसते.

चालून आलो, आता खायला हरकत नाही

रविवारी सिंहगडावर चढणारे माझ्याकडे बरेच येतात. एक गृहस्थ वर्षभर न चुकता चढले. आतकरवाडीतून पायवाटेने, सव्वा तासात वर. दमसास इतका सुधारला की मलाच कौतुक वाटायचं. वजन मात्र वर्षाअखेर दीड किलोने वाढलेलं.

वर गेल्यावर काय होतं ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजीची एक प्लेट, मडक्यातलं दही साखर घालून, उतरताना ताक. ऐंशी किलोच्या माणसाच्या गड चढताना साधारण पाचशे कॅलरी खर्च होतात. भज्यांची एक भरलेली प्लेट त्यातला बहुतेक भाग परत आणून ठेवते, आणि पिठलं-भाकरी अजून मोजलेलीच नाही. त्यात रविवारी घरी येऊन दुपारभर झोप, कारण पाय दुखतात. एरवी त्यांचं जे उठणं-बसणं, बाजारहाट व्हायचं, तेही त्या दिवशी बंद.

सिंहगड सोडू नका. हृदयासाठी, गुडघ्यांच्या स्नायूंसाठी, मनासाठी तो उत्तमच आहे. पण व्यायाम वजन उतरवण्याचं मुख्य हत्यार आहे, ही समजूत सोडा. किलोभर चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. तासभर झपझप चाललात तर अडीचशे-तीनशे जातात. ताटात फरक न करता नुसतं चालून हा डोंगर पोखरायला किती दिवस लागतील, ते तुम्हीच मोजा. व्यायामाचा खरा उपयोग उतरलेलं वजन परत चढू न देण्यात आणि स्नायू टिकवण्यात आहे. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचला, नाहीतर घरीच उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर काढा. नुसत्या चालण्यावर थांबू नका.

आणि एक कळकळीने सांगते. अर्ध्या किलोमीटरवरच्या बागेत चालायला स्कूटरवरून जाऊ नका. सारसबागेबाहेर पहाटे लागलेल्या गाड्या पाहिल्या की मला वाईट वाटतं. भाजी आणायला, दूध आणायला, मुलाच्या क्लासला, सगळीकडे गाडी, आणि मग ठरवून चाळीस मिनिटं चालणं. दिवसभराचं सुटलेलं चालणं त्या चाळीस मिनिटांत भरून निघत नाही.

लग्नाआधी सहा आठवड्यांत

ही चूक पेशंटची कमी आणि आमची जास्त. माझीही.

प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी आली. लग्नाला सहा आठवडे होते, सात किलो उतरवायचे होते. मी तिला 900 कॅलरींचा तक्ता दिला. नवीन होते, रिझल्ट दाखवायची घाई मलाही होती. तिने निष्ठेने पाळला आणि सहा किलो उतरली. लग्नात फोटो सुंदर आले. चार महिन्यांनी भेटली तेव्हा वजन आधीपेक्षा दोन किलो जास्त होतं, केस मूठमूठ गळत होते आणि हिमोग्लोबिन खाली आलं होतं. ती मला काही बोलली नाही, पण मी ते विसरलेले नाही.

झालं काय होतं? पहिल्या आठवड्यात जे झटकन उतरतं त्यात पाणीच फार असतं. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणी जातं, चार घास भात खाल्ला की परत येतं. पुढच्या आठवड्यांत चरबीबरोबर स्नायूही गेले, कारण तक्त्यात प्रथिनं पुरेशी नव्हती. भूक मात्र साठत गेली आणि लग्नानंतरच्या जेवणावळींत, हळदीकुंकवांत ती सगळी बाहेर आली.

तेव्हापासून सहा आठवड्यांची मागणी मी घेत नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम, महिन्याला दीड उतरलं तरी मी समाधानी असते. "पंधरा दिवसांत पाच किलो" असं कोणी लिहून देत असेल तर तिथून उठून या.

दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, हा वाद महाराष्ट्रात घरोघरी चालतो. माझं मत विचाराल तर, ज्या पद्धतीत तुमची एकूण भूक शांत राहते आणि जी पद्धत तुम्ही पुढच्या दिवाळीतही पाळू शकाल, ती धरा. दर महिन्याला बदलत राहिलात तर दोन्ही वाया.

आमटी पातळ, प्रथिनं त्याहून पातळ

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 58. आपल्या पातळ आमटीच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच मिळतात. एका अंड्यात सहा. रोज एका जेवणात आमटीऐवजी घट्ट उसळ ठेवा, मटकी किंवा मूग, आणि तीही दीड वाटी. मग रात्री अकरा वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जाणं निम्म्याने कमी होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

उपवास

एकादशी, दुप्पट खाशी. म्हण आपल्याकडे पूर्वीपासून आहे आणि तरी संकष्टीला, श्रावणी सोमवारी "आज डाएटच आहे" म्हणून साबुदाण्याची खिचडी चापली जाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात कूट, तूप आणि बटाटा. श्रद्धेने उपवास करत असाल तर जरूर करा. वरी, ताक, फळं, राजगिऱ्याची भाकरी घ्या. त्याला वजनाच्या खात्यात मात्र धरू नका.

थोडक्यात निपटण्यासारख्या चुका

साखरेऐवजी गूळ: कॅलरीत नावालाच फरक. सकाळच्या गरम पाण्यातला मधही साखरच.

पोळी सोडून भाकरी: भाकरी चांगलीच, पण हातावर थापलेली एक भाकरी दोन पोळ्यांच्या पिठाची असते. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाऊन वजन उतरणार नाही.

चहा: अमृततुल्यमधले चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर रोज साधारण 50 ग्रॅमच्या आत हवी, आणि 25 च्या आत असेल तर अधिक चांगलं. एकेक कप कमी करत आणा.

"डाएट चिवडा": भाजका असला तरी त्यात तेल आणि दाणे असतातच. वाटीत काढून घ्या, डबा मांडीवर घेऊन बसू नका.

झोप: हिंजवडीहून रात्री साडेनऊला घरी, अकराला जेवण, एकला झोप, पहाटे जिम. असं असेल तर आधी जिम सोडा आणि सात तास झोपा. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि ती गोड-तळकटच मागते.

काट्यावर रोज चढणं

मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, प्रवास झाला, पोट साफ झालं नाही, एवढ्यानेही काटा किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. एका सकाळच्या आकड्यावर दिवसभर उपाशी राहणाऱ्या मुली मी पाहिल्यात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर. बस.

त्याहून महत्त्वाची कंबर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपली शरीरं अशीच आहेत, बारीक दिसत असतानाही पोटाशी चरबी धरणारी. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 23 च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि कमरेची मर्यादा पुरुषांना 90, बायकांना 80 सेंटिमीटर आहे. उंचीएवढी सुतळी घ्या, दुमडून निम्मी करा आणि बेंबीवरून फिरवून पाहा. टोकं जुळत नसतील तर काम बाकी आहे. काटा दोन महिने अडून राहिला पण सुतळी जुळत आली, तर डाएट लागू पडतंय.

सगळं करून पाहिलं, तरी नाही

वरचं सगळं तीन महिने प्रामाणिकपणे केलं आणि ना काटा हलला ना कंबर, तर डॉक्टरकडे जा. स्वतःला दोष देत बसू नका. थायरॉइड कमी काम करत असेल, पीसीओएस (बायकांमधला अंडाशयाचा, हार्मोन्सचा विकार) असेल, स्टेरॉइड किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील, तर वजन अडतं. नुसत्या थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुधा चार-पाच किलोंच्या पलीकडे नसतं, म्हणून वीस किलोंचं खापर त्याच्यावर फोडू नका. पण थायरॉइडची गोळी घेताना होणारी चूक मात्र सुधारा. ती पहाटेच्या चहाबरोबर घेणाऱ्या कितीतरी बायका मला भेटतात. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम कमी करू नका. साखर उतरून चक्कर येते, पडायला होतं. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, मग पोळी कमी करा.

माझ्याकडे येणार असाल तर येताना खाण्याची वही आणाच. पण सोबत वाण्याची यादी आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याही पिशवीत घालून आणा.